फाइल इथेच आहे, मग ब्राउझर ती उघडत का नाही?

मागच्या हिवाळ्यात मावशीचा फोन आला. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. स्नेहसंमेलनासाठी तिने घरच्या लॅपटॉपवर हौसेने एक वेबपान तयार केलं होतं. वर शाळेचं नाव, खाली चाळीसेक फोटो, प्रत्येक फोटोखाली एक ओळ आणि मागे एक गाणं. ते पेनड्राइव्हवर घालून शाळेत नेलं, कॉम्प्युटरला लावलं, डबल-क्लिक केलं. ओळी सगळ्या आल्या, फोटो एकही नाही. फोटोंच्या जागी फाटक्या कागदासारखं ते छोटं चिन्ह, चाळीस वेळा.

"घरी दिसत होतं रे सगळं. पेनड्राइव्ह खराब झाला असेल का?"

"कंट्रोल आणि यू दाब," मी म्हटलं. "पानाचा आतला मजकूर दिसेल. त्यात फोटोची ओळ शोध आणि मला वाचून दाखव."

तिने वाचलं: "फाइल, कोलन, तीन तिरक्या रेघा, सी, कोलन, युजर्स, मग माझं नाव, मग डेस्कटॉप..."

"मावशी, शाळेच्या कॉम्प्युटरवर तुझ्या नावाचं फोल्डर आहे का?"

ती दोन सेकंद गप्प. मग म्हणाली, "अगं बाई."

घरातल्या, दारातल्या, ऑफिसातल्या अशा तक्रारी मी बऱ्याच ऐकतो. "ब्राउझर बिघडलाय" अशी सुरुवात होते आणि दहातल्या नऊ वेळा ब्राउझर ठणठणीत असतो. तो नियमाने वागत असतो, पण तो नियम आपल्याला कुणी सांगितलेला नसतो. कॉम्प्युटरवरची फाइल आणि इंटरनेटवरचं पान ब्राउझर एकाच खिडकीत दाखवतो, म्हणून आपल्याला दोन्ही सारखी वाटतात. त्याच्या लेखी मात्र एक घरातलं असतं आणि दुसरं बाहेरचं, आणि मधल्या उंबरठ्यावर तो फार कडक असतो.

(या लेखात पत्ते आणि आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरायचे.)

आधी पत्त्याचा पहिला शब्द वाचा

अडचण कसलीही असो, मी पहिल्यांदा अ‍ॅड्रेस बार बघायला सांगतो. तिथे पत्ता 'एचटीटीपीएस' ने सुरू होत असेल तर पान बाहेरून आलंय. 'फाइल' ने सुरू होत असेल तर ते तुमच्याच डिस्कवरून उघडलंय. क्रोम बाहेरच्या पत्त्यातला 'एचटीटीपीएस' हा भाग बऱ्याचदा लपवतो, पण घरची फाइल असेल तर पत्त्याच्या डाव्या बाजूला 'फाइल' असं स्पष्ट लिहितो. नियम कोणते लागणार ते या एका शब्दावर ठरतं.

त्या तीन तिरक्या रेघांचं काय? वेबच्या पत्त्यात दोन रेघांनंतर यंत्राचं नाव येतं आणि तिसऱ्या रेघेपासून त्या यंत्रावरची वाट सुरू होते. फाइल आपल्याच यंत्रावर असली की नाव लिहायची गरज उरत नाही. ती जागा रिकामी राहते आणि तिसरी रेघ पहिल्या दोघींना येऊन चिकटते. पत्ते लिहायची ही पद्धत १९९४ च्या डिसेंबरात एका तांत्रिक दस्तऐवजात नोंदवली गेली आणि वेबचे जनक टिम बर्नर्स-ली त्याच्या लेखकांपैकी एक होते. पुढे २००९ साली त्यांनीच सांगून टाकलं, की त्या दोन रेघांची खरं तर गरज नव्हती. तोवर जगभर किती बोटं झिजली असतील!

पण नियम आहे तो आहे. पानातल्या लिंकमध्ये चुकून दोनच रेघा टाकल्या आणि पुढे 'फोटो' असं फोल्डरचं नाव लिहिलं, तर ब्राउझरला वाटतं 'फोटो' हे नेटवर्कवरच्या एखाद्या यंत्राचं नाव आहे. तो ते यंत्र शोधायला जातो, अर्थातच सापडत नाही, आणि आपण स्क्रीनकडे बघत बसतो.

फाइल सापडत नाही म्हणतो तेव्हा

क्रोममध्ये दोन वेगळे निरोप येतात आणि त्यांतला फरक ओळखला की अर्धं काम होतं. 'ईआरआर_फाइल_नॉट_फाउंड' म्हणजे पत्ता चुकलाय. 'ईआरआर_अ‍ॅक्सेस_डिनाइड' म्हणजे पत्ता बरोबर आहे, आत जायची परवानगी नाही. पहिल्यात वाट तपासायची, दुसऱ्यात कुलूप.

मावशीची चूक सर्वांत जास्त होणारी. पत्ता दोन प्रकारे सांगता येतो. एक म्हणजे "सी ड्राइव्ह, युजर्स, अमुक नाव, डेस्कटॉप, फोटो" असा मुळापासूनचा. दुसरा म्हणजे "हे पान जिथे आहे तिथल्याच 'फोटो' फोल्डरमध्ये" असा. गावात पाहुणा आल्यावर "तालुका अमुक, पोस्ट अमुक" असं कुणी सांगत नाही, "देवळाच्या मागे तिसरं घर" असं सांगतात. पान कुठेही हलवायचं असेल तर पत्ता देवळामागचाच हवा. म्हणजे फोटोच्या ओळीत फक्त 'फोटो/सहल१.जेपीजी' एवढंच. पान आणि फोल्डर एकत्र हलवले की मग पेनड्राइव्ह असो, दुसरा कॉम्प्युटर असो, सगळं जागच्या जागी.

या वाटेवर आणखी काही खड्डे आहेत. विंडोज स्वतः फोल्डरांची वाट उलट्या रेघेने दाखवतं, वेब सरळ रेघेने. तुमच्या पानात उलट्या रेघा असतील तर ब्राउझर बहुधा सांभाळून घेतो, पण त्यावर विसंबू नये. तेव्हा पहिल्यापासून सरळच लिहा. विंडोजला 'फोटो' हे नाव रोमन लिपीत मोठ्या अक्षरांत आहे की छोट्या याचं सोयरसुतक नसतं, पण वेबसाइटांचे सर्व्हर (म्हणजे पानं पुरवणारे कॉम्प्युटर) बहुतेक लिनक्स या विंडोजहून वेगळ्या प्रणालीवर असतात आणि लिनक्सला ही दोन वेगळी नावं वाटतात. "माझ्या कॉम्प्युटरवर चालतं, साइटवर टाकलं की फोटो गायब" या तक्रारीत पुष्कळदा कॅमेऱ्याने मोठ्या अक्षरांत लिहिलेलं 'जेपीजी' आणि पानात आपण छोट्या अक्षरांत लिहिलेलं 'जेपीजी' एवढंच भांडण असतं.

फाइलच्या नावात # हे चिन्ह असेल तर तेही गोत्यात आणतं. पत्त्यामध्ये # चा अर्थ "याच पानातली अमुक जागा" असा होतो. त्यामुळे 'बिल#५' अशी लिंक हाताने लिहिली की ब्राउझर 'बिल' नावाची फाइल शोधतो. उपाय साधा आहे: नावात मोकळी जागा, #, % वगैरे टाळा.

आणि ती लपलेली शेपटी, म्हणजे फाइलच्या नावात शेवटच्या टिंबानंतरची अक्षरं! विंडोज ओळखीच्या फाइलींची शेपटी मुळात दाखवतच नाही. तुम्ही नोटपॅडमध्ये पान लिहून 'इंडेक्स.एचटीएमएल' नावाने सेव्ह करता, नोटपॅड मागे गुपचूप '.टीएक्सटी' जोडतो, आणि तुम्हाला दिसतं फक्त 'इंडेक्स.एचटीएमएल'. डबल-क्लिक केल्यावर ब्राउझरऐवजी पुन्हा नोटपॅड उघडला तर समजा, हेच झालंय. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' मध्ये शेपट्या दाखवायची सोय आहे, ती कायमची चालू ठेवलेली बरी. ही शेपटी लपवायची कल्पना ज्या कुणाला सुचली त्याला एकदा आमच्या गल्लीतल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये आठवडाभर शिकवायला बसवलं पाहिजे.

झिपच्या पोटातलं पान

हा प्रकार इतका होतो, की वेगळा सांगतो. कुणीतरी प्रोजेक्ट, ई-अंक किंवा धड्यांचा संच झिप करून पाठवतं. आपण झिपवर डबल-क्लिक करतो, आतली नावं नेहमीच्या फोल्डरसारखी दिसतात, 'इंडेक्स' वर डबल-क्लिक करतो. पान उघडतं, पण उघडं-बोडकं: रंग नाहीत, चित्रं नाहीत, बटणं मुकी.

विंडोज झिप उघडून दाखवतं खरं, पण आतल्या फाइली अजून डिस्कवर मोकळ्या झालेल्या नसतात. तुम्ही एका फाइलवर क्लिक केलंत की ते तेवढीच एक फाइल काढून 'टेम्प' नावाच्या तात्पुरत्या फोल्डरात ठेवतं आणि ब्राउझरच्या हाती देतं. तिच्या शेजारी असायला हवी ती चित्रं, ती रंगसंगतीची फाइल झिपमध्येच राहते. एकटा नवरदेव मंडपात, वऱ्हाड अजून गाडीतच. अ‍ॅड्रेस बारमध्ये 'टेम्प' हा शब्द दिसला की ओळखायचं. उपाय एकच: झिपवर राइट-क्लिक, 'एक्स्ट्रॅक्ट ऑल', आणि मग मोकळ्या झालेल्या फोल्डरातून उघडायचं.

सेव्ह केलेल्या पानांचंही तेच. क्रोममध्ये पान पूर्ण सेव्ह केलं की एक एचटीएमएल फाइल होते आणि तिच्याच नावाचं, शेवटी '_फाइल्स' असलेलं फोल्डर होतं. मित्राला व्हॉट्सअ‍ॅपवर नुसती फाइल पाठवली तर चित्रं आपल्याकडेच राहतात. पाठवायचंच असेल तर सेव्ह करताना 'वेबपेज, सिंगल फाइल' हा पर्याय घ्या, त्यात सगळं एकाच गाठोड्यात बांधलं जातं. किंवा सरळ पीडीएफ करा.

लिंकवर क्लिक केलं, काहीच झालं नाही

आता उंबरठ्यावरचा खरा पहारा. ऑफिसात हा प्रसंग ठरलेला: कंपनीच्या आतल्या वेबपानावर कुणीतरी "परिपत्रक इथे पाहा" अशी लिंक टाकतं आणि ती लिंक एखाद्या सामायिक फोल्डरकडे किंवा डी ड्राइव्हकडे जाते. सगळे क्लिक करतात. पान हलत नाही, चूक दाखवत नाही, काही नाही. निरोपाशिवायचा नकार सर्वांत चिडवणारा असतो, आणि इथे ब्राउझरवर माझाही राग आहे. निदान एक ओळ तरी दाखवायला काय हरकत आहे?

ती ओळ असते, पण माजघरात. एफ१२ दाबा, 'कन्सोल' उघडा, पुन्हा क्लिक करा. क्रोम तिथे लाल अक्षरांत म्हणतो, की स्थानिक फाइल उघडायला परवानगी नाही. फायरफॉक्सही सुरक्षेचं कारण देतो. दोघांचा नियम एकच: बाहेरून आलेलं पान तुमच्या घरातल्या फाइलीकडे बोट दाखवू शकत नाही. लिंकनेही नाही, चित्र म्हणूनही नाही.

का, ते समजायला एक जुनी गंमत. शाळा-कॉलेजात असताना बहुतेकांना तो ई-मेल आला असेल: "एका भारतीयाने शोधून काढलं, की विंडोजमध्ये 'कॉन' नावाचं फोल्डर बनवताच येत नाही!" शोध वगैरे काही नाही. 'कॉन' हे डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या प्रणालीच्या, काळापासून कीबोर्ड-पडद्यासाठी राखून ठेवलेलं नाव आहे, म्हणून फोल्डरला देता येत नाही. पण विंडोज ९५ आणि ९८ मध्ये याच नावाची एक भारी खोड होती. 'सी' ड्राइव्हवरच्या 'कॉन' मधलं 'कॉन' अशी वाट उघडायला सांगितली की कॉम्प्युटर कोलमडायचा. आणि त्या काळी ही वाट एखाद्या वेबपानात चित्राचा पत्ता म्हणून लिहिता यायची. म्हणजे तुम्ही फक्त पान उघडायचं, आणि समोर निळा पडदा. २००० सालच्या मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टला त्यासाठी खास दुरुस्ती काढावी लागली.

ही झाली खोडी. त्याहून वाईट गोष्टी याच वाटेने करता येतात. परक्या पानाला घरातल्या फाइली मागवता आल्या, तर अमुक फाइल आहे की नाही यावरून तुमच्याकडे कोणती सॉफ्टवेअर आहेत ते त्याला चाचपता येतं. विंडोजवर तर चित्राचा पत्ता म्हणून चोराने स्वतःच्या यंत्रावरचं सामायिक फोल्डर दिलं, तर ते उघडायच्या प्रयत्नात विंडोज तुमच्या लॉगिनची सांकेतिक खूण त्याच्याकडे पाठवू शकतं. ब्राउझरांनी हे दार बंद केलं ते उगाच नाही.

मग परिपत्रकाचं काय करायचं? चांगला उपाय म्हणजे फाइल त्याच वेबसर्व्हरवर ठेवायची आणि साधी वेब लिंक द्यायची. तातडीचं असेल तर लिंकवर राइट-क्लिक करून पत्ता कॉपी करा आणि नव्या टॅबमध्ये स्वतः पेस्ट करा. तुम्ही स्वतः टाइप केलेला पत्ता ब्राउझर मान्य करतो, कारण मग तो घरच्या माणसाचा हुकूम असतो, पाहुण्याचा नाही. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये ऑफिसच्या सिस्टिम अ‍ॅडमिनला अंतर्गत साइटवरच्या अशा लिंका फाइल एक्सप्लोररमध्ये उघडू देणारी सेटिंग आहे, त्याला विचारा. इंटरनेटवर याच कामाची 'युक्ती' म्हणून सगळी सुरक्षा बंद करून क्रोम चालवायच्या आज्ञा सापडतात. दारात कुत्रा भुंकतो म्हणून दारच काढून टाकण्यातला हा प्रकार. त्यात बँकेचं काम करू नका एवढंच म्हणत नाही, त्याच्या वाटेलाच जाऊ नका.

घरच्याच पानाला घरातच मज्जाव

हा भाग विद्यार्थ्यांसाठी, आणि त्यांच्या हताश पालकांसाठी. मुलगा कोडिंग शिकतोय. पानात जावास्क्रिप्ट (पानाकडून कामं करून घेणारी भाषा) आहे, ती शेजारच्या फाइलमधून यादी वाचून दाखवते. डबल-क्लिक केलं की पान येतं, पण यादीची जागा कोरी. कन्सोलमध्ये लाल ओळ: 'ओरिजिन नल', आणि 'सीओआरएस' असं काहीतरी.

ब्राउझर प्रत्येक पानाला विचारतो, "तू कुणाचा?" वेबवरचं पान सांगतं, "मी अमुक साइटचं." एकाच साइटची पानं आपसात माहिती वाचू शकतात, परक्याची नाही. डिस्कवरून उघडलेल्या पानाला सांगायला साइटच नसते. त्याच्या उत्तराची जागा रिकामी, म्हणजेच 'नल'. ज्याचा कुणी नाही त्याला कुणाचंच वाचता येत नाही, अगदी शेजारच्या फाइलीचंही.

पूर्वी फायरफॉक्स जरा मऊ होता. एकाच फोल्डरातल्या फाइली तो एका घरच्या मानायचा. मग लक्षात आलं, की लोकांचं 'डाउनलोड्स' फोल्डर म्हणजे मोठं वडाचं झाड आहे, तिथे कोण कोण येऊन बसतं! आधार कार्डाची पीडीएफ तिथेच, बँकेचं स्टेटमेंट तिथेच आणि अनोळखी मेलबरोबर आलेलं एचटीएमएल पानही तिथेच. ते पान उघडलं की त्याला शेजारच्या फाइली वाचता आल्या असत्या. ९ जुलै २०१९ ला आलेल्या फायरफॉक्स ६८ मध्ये ही सवलत काढून घेतली गेली. क्रोम तर डिस्कवरच्या प्रत्येक फाइलीला एकटीच धरतो. त्यामुळे २०१९ आधीच्या पुस्तकातले किंवा व्हिडिओतले धडे बघून केलेलं काम आज चालत नसेल, तर चूक तुमची नसेलही.

काय चालतं, काय नाही? चित्रं, रंगसंगतीची फाइल, साधी जोडलेली स्क्रिप्ट आणि दुसऱ्या पानाची लिंक हे सगळं डिस्कवरून चालतं. 'फेच' वापरून फाइल वाचणं चालत नाही, आणि 'मॉड्यूल' प्रकारच्या स्क्रिप्टही नाहीत. हल्लीच्या बऱ्याच साधनांनी तयार झालेली पानं मॉड्यूल वापरतात, म्हणून ती डबल-क्लिकवर पूर्ण पांढरी दिसतात.

उपाय म्हणजे त्या पानाला घर द्यायचं, अर्थात आपल्याच यंत्रावर एक छोटा सर्व्हर चालवायचा. नाव भारदस्त आहे, काम एका ओळीचं. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा टाकलेली असेल तर त्या फोल्डरात टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून 'पायथन -एम एचटीटीपी.सर्व्हर ८०००' ही आज्ञा द्या. लिनक्स किंवा मॅकवर 'पायथन३'. मग ब्राउझरमध्ये 'लोकलहोस्ट:८०००' उघडा. फाइल तीच, डिस्क तीच, पण आता पानाला सांगायला नाव मिळालं आणि यादी भरली. व्हीएस कोड वापरणाऱ्यांना 'लाइव्ह सर्व्हर' नावाचं एक्स्टेन्शन घेऊन हेच एका क्लिकमध्ये करता येतं.

एक सावधगिरी. पायथनचा हा सर्व्हर मुळात तुमच्या वाय-फायवरच्या सगळ्यांना दार उघडतो. घरी ठीक आहे, हॉस्टेलवर नाही. आज्ञेच्या शेवटी '--बाइंड १२७.०.०.१' जोडलं की तो फक्त तुमच्यापुरता राहतो.

मराठी नावं आणि मराठी अक्षरं

हा खास आपला त्रास. मराठी नावाच्या फाइलचा पत्ता कॉपी करून पाहिलात तर % आणि आकड्यांची लांबलचक माळ मिळते. पत्त्यामध्ये मुळात ठराविक रोमन अक्षरंच चालतात, म्हणून बाकी अक्षरांचं बाइटांत रूपांतर होतं. देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट, आणि प्रत्येक बाइट लिहायला तीन अक्षरं. नुसता 'मराठी' हा शब्द घ्या: म, र, काना, ठ, वेलांटी. पाच खुणा, १५ बाइट, पत्त्यात ४५ अक्षरं!

हे नुसतं कुरूप नाही, अडचणीचंही आहे. लिनक्सवर फाइलच्या नावाला साधारण २५५ बाइटांची मर्यादा असते, म्हणजे देवनागरीत ८५ खुणा. बातम्यांचे मथळे याहून सहज लांब जातात, आणि पान सेव्ह करताना ब्राउझर मथळाच नाव म्हणून सुचवतो. विंडोजवर बऱ्याच प्रोग्रॅमना पूर्ण वाट २६० अक्षरांच्या आत लागते. लांब नावाचं पान फोल्डरात, ते फोल्डर आणखी एका लांब नावाच्या फोल्डरात, असं झालं की कॉपी होता होता अडतं. सेव्ह करतानाच नाव छोटं करा.

पान उघडतं, पण मराठीऐवजी डोक्यावर तुरे लावलेली रोमन अक्षरं दिसतात? वेबवरून पान येताना सर्व्हर सहसा सोबत सांगतो, की मजकूर कोणत्या पद्धतीने साठवलाय. डिस्कवरच्या फाइलबरोबर सांगणारं कुणी नसतं, ब्राउझर अंदाज बांधतो आणि कधी चुकतो. पानाच्या अगदी सुरुवातीला 'मेटा चारसेट' मध्ये 'यूटीएफ-८' लिहा आणि फाइलही त्याच पद्धतीने सेव्ह करा. आणि तुमच्याकडे जुन्या काळी जपून ठेवलेली मराठी पानं असतील, अन् त्यांत अर्थहीन रोमन अक्षरांची रांग दिसत असेल, तर ते वेगळं दुखणं आहे. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिपींसाठीची सामाईक पद्धत, रुळण्याआधी मराठी वृत्तपत्रांच्या साइट आपापले फॉन्ट वापरत. साठवलेलं अक्षर रोमन, फक्त फॉन्ट त्याला देवनागरी रूप द्यायचा. तो फॉन्ट गेला की रूप गेलं. तिथे ब्राउझरच्या सेटिंगशी झगडून उपयोग नाही, त्या फॉन्टसाठीचा युनिकोड रूपांतरक शोधावा लागतो.

कुणी उघडायचं यावरून गोंधळ

काही वेळा फाइल नीट, वाट नीट, पण उघडणारा भलताच. पीडीएफवर डबल-क्लिक केलं की एज उघडतो, कारण विंडोज १० आणि ११ मध्ये ते काम मुळात त्याच्याकडे सोपवलेलं आहे. फाइलवर राइट-क्लिक, 'ओपन विथ', 'चूज अनदर अ‍ॅप', आणि 'ऑलवेज'. उलट, वेबवरची पीडीएफ उघडायच्या ऐवजी डाउनलोड होत असेल तर दोन कारणं: एकतर क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये पीडीएफ डाउनलोड करायचा पर्याय निवडलेला असतो, किंवा सर्व्हरच सांगत असतो की "ही उघडू नका, उतरवून घ्या". दुसऱ्यात तुमच्या हातात काही नाही.

डिजिटल सहीचा सातबारा ब्राउझरमध्ये उघडून त्यावरचं पिवळं प्रश्नचिन्ह बघून घाबरलेले लोक मला भेटलेत. उतारा खोटा नसतो. ब्राउझर पीडीएफ नुसती दाखवतो, सही तपासत बसत नाही. ती अडोबी रीडरमध्ये उघडून सहीवर क्लिक करून तपासावी लागते.

एक्सेल किंवा आउटलुकमधल्या लिंकवर क्लिक केल्यावर "या कॉम्प्युटरवरच्या निर्बंधांमुळे काम रद्द केलं" अशा अर्थाचा निरोप आला, तर अ‍ॅडमिनला शिव्या देण्याआधी डिफॉल्ट ब्राउझर पुन्हा एकदा निवडून बघा. एखादा ब्राउझर काढून टाकताना जुनी नोंद तुटलेली राहते, बरेचदा तेवढंच असतं.

उबुंटूवाल्यांसाठी एक ओळ: २२.०४ पासून तिथला फायरफॉक्स 'स्नॅप' च्या पेटीत येतो आणि त्या पेटीला '/टीएमपी' मधल्या किंवा टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फोल्डरांतल्या फाइली दिसत नाहीत. फाइल 'डॉक्युमेंट्स' मध्ये हलवा, उघडेल. मोबाइलवर तर अँड्रॉइड अ‍ॅपला बहुधा त्या एका फाइलीपुरतीच परवानगी देतं, म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेलं पान उघडतं पण शेजारची चित्रं येत नाहीत. फोनवर पाठवायचं असेल तर पीडीएफच पाठवा.

आणि पत्त्याचा पहिला शब्द वाचायची सवय आणखी एका कामाला येते. हल्ली फसवणुकीच्या मेलला एचटीएमएल फाइल जोडलेली असते: "बिल पाहा", "केवायसी पूर्ण करा". उघडली की हुबेहूब बँकेचं लॉगिन पान दिसतं. रंग तेच, बोधचिन्ह तेच. पण अ‍ॅड्रेस बारमध्ये बँकेचा पत्ता नसतो, 'फाइल' असतं आणि पुढे तुमचंच 'डाउनलोड्स' फोल्डर. बँक तुमच्या डाउनलोड्समध्ये राहत नाही. तिथे काहीही न भरता टॅब बंद करायचा.

तर मावशी. तिने नोटपॅडमध्ये ते पान उघडलं, 'रिप्लेस' वापरून सगळ्या लांबलचक पत्त्यांच्या जागी नुसतं 'फोटो/' केलं आणि पानाशेजारी 'फोटो' फोल्डर ठेवलं. पाचव्या मिनिटाला पुन्हा फोन.

"दिसले रे सगळे! फक्त तो वृक्षारोपणाचा येत नाही."

त्या फोटोची शेपटी 'जेपीईजी' होती आणि पानात 'जेपीजी' लिहिलेलं. एक अक्षर वाढवलं, तोही आला. संध्याकाळी सातला तिसरा फोन, मागे मुलांचा कलकलाट.

"अरे, गाणं वाजत नाहीये. पान उघडलं की आपोआप सुरू व्हायला हवं ना?"

"नाही होणार. क्रोमने २०१८ पासून ते बंद केलंय, कुणी क्लिक केल्याशिवाय आवाज सुरू होत नाही. सुरुवातीला 'चला, सुरू करूया' असं एक बटण ठेव आणि गाणं त्यावर लाव."

"आता कुठे बटण करत बसू? पाच मिनिटांत पाहुणे येतील."

"मग तू गाणं म्हण," मी म्हटलं. तिने फोन ठेवला.